आधी माती तपासा, मग खत घ्या (द्राक्ष बागायतदारांसाठी)

राम राम मंडळी. एप्रिलची खरड छाटणी (घड काढून झाल्यावर वेलीच्या जुन्या काड्या कापतात ती) जवळ आली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, यंदा खत कुठलं टाकू? आणि आम्ही उलटं विचारतो, माती तपासलीय का? आम्ही खतच विकतो, पण तुमची जमीन टिकली तरच उद्या तुमचा पोरगा पण आमच्याकडे येईल, म्हणून विचारतो.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकास म्हणजे काय ते सांगितलं, आजची गरज भागवायची पण पुढच्या पिढीच्या गरजेला हात न लावता. आपल्या निफाड-दिंडोरीकडे त्याचा अर्थ साधा आहे, माती आणि विहिरीचं पाणी नातवाला चांगलं मिळालं पाहिजे.

आता हे बघा. पान पिवळं पडलं की बरेच जण युरिया सोडतात. पण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतात, तिथे युरियाने काहीच होत नाही, वेलीला लागत नाही तो युरियातला नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली विहिरीत जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं तर सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळांना. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) वेगळंच, ते फारसं हलत नाही, वर्षानुवर्षं टाकलं की साठतं आणि मग जस्त मिळेनासं होतं.

माती म्हणजे कोठी आणि पानाचा देठ म्हणजे ताट. कोठीत भरपूर असलं तरी ताटात आलंय का ते देठ तपासल्यावरच कळतं, म्हणून खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी देठ परीक्षण करून घ्या, पुढच्या घडांची तयारी त्याच दिवसांत काडीत चालू असते.

पाण्यासाठी टेन्शिओमीटर बसवा, म्हणजे माती किती सुकली ते दाखवणारं यंत्र. आकडा वाढला म्हणजे माती सुकली, तेव्हाच ड्रिप चालू करा, शेजाऱ्याची मोटर चालू झाली म्हणून नको.

मातीचा नमुना तपासायला आणताना एका प्लॉटमधल्या ८-१० ठिकाणची माती मुळांच्या पट्ट्यातून घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत आणा. खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात नको, रिपोर्ट चुकतो.