वर्धा गांधीजींमुळे वसले नाही

नागपूरहून सेवाग्राम पाहायला जाणाऱ्यांना आणि त्यांच्यासोबतच्या मुलांना हमखास सांगितले जाते की, गांधीजी येण्यापूर्वी वर्धा म्हणजे एक आडवळणाचे खेडे होते. हा समज खरा नाही.

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते, आणि १८६६ मध्ये पालकवाडी या गावाच्या जागी आजचे शहर आखून वसवण्यात आले. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता, आणि हिंगणघाटच्या बनी जातीच्या कापसाला तर आधीपासूनच नाव होते. त्यामुळे काळ्या मातीच्या या पट्ट्यात रेल्वे येण्यामागे कापसाचे कारण मोठे होते. पुढे हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडे फाटा गेला आणि वर्धा जंक्शन झाले.

ज्यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले, ते जमनालाल बजाज याच कापसाच्या बाजारपेठेतील व्यापारी घराण्याचे होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. विनोबा १९२१ मध्ये आले, गांधीजी १९३४ मध्ये, आणि १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. खेडे होते ते हे शेगाव. त्याचे सेवाग्राम असे नामकरण १९४० मध्ये झाले.