अनेकार्थी इंग्रजी लघुशब्द

इंग्रजी कोशात सर्वाधिक जागा लागते ती रोजच्या वापरातल्या छोट्या शब्दांना. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदले आहेत.

अर्थांची ही गर्दी दोन वाटांनी होते. एकाच शब्दाला काळाच्या ओघात नवे अर्थ फुटतात, ती अनेकार्थता. वेगळ्या मुळांचे शब्द झिजून सारखे दिसू लागतात, ती समरूपता. मराठीत काठ या अर्थाचा ‘तीर’ संस्कृत, तर बाण या अर्थाचा फारसी. कोशकार समरूप शब्दांना बारीक क्रमांक टाकून स्वतंत्र नोंदी देतात. एकाच शब्दाचे अर्थ मात्र एका नोंदीखाली येतात.

‘साउंड’ हे समरूपतेचे उत्तम उदाहरण. ध्वनी या अर्थाचा शब्द लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे आला, त्याच्या शेवटचा ‘ड’ मुळात नव्हता, तो इंग्रजीत नंतर चिकटला. निकोप, भक्कम हा अर्थ जुन्या इंग्रजीतल्या ‘गेसुंड’चा, ‘साउंड स्लीप’मधली गाढ झोप त्याचीच. सामुद्रधुनी हा तिसरा अर्थ ज्या ‘सुंड’मधून आला, त्याचा एक अर्थ पोहणे असा होता. चौथा अर्थ पाण्याची खोली मोजणे, जुन्या फ्रेंचमधून आलेला. एखाद्याचे मन चाचपण्यासाठी ‘साउंड आउट’ म्हणतात ते या चौथ्यावरून. तिथे आवाजाचा संबंध लावला की भाषांतर हमखास फसते.

समरूपता वाढण्याचे मोठे कारण म्हणजे प्रत्ययांची झीज. जुन्या इंग्रजीत खोटे बोलणे आणि आडवे होणे यांची क्रियापदे स्पष्ट वेगळी होती. आज दोन्ही ‘लाय’. अशा वेळी भूतकाळ तपासावा: खोटे बोलण्याचा ‘लाइड’, आडवे होण्याचा ‘ले’. नुसत्या संदर्भापेक्षा ही खूण भरवशाची. त्यानेही उलगडले नाही तर शब्दाची जात आणि सोबतचे शब्दयोगी अव्यय पाहावे.

‘बँक’च्या बाबतीत मात्र घाई नको. पैशांची बँक इटालियन ‘बांका’मधून, म्हणजे सराफाच्या बाकावरून आली, नदीकाठाची बँक स्कँडिनेव्हियन वळणाची. कोशात दोन नोंदी असल्या, तरी इटालियन शब्दही मूळचा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला, आणि मागे जाता दोन्ही एकाच मुळाला मिळतात.