गृहकर्ज फिटल्यावर गहाण सोडवणे (मुंबई)

गृहकर्जाची पूर्ण फेड झाल्यावर तारण ठेवलेल्या घराची मूळ कागदपत्रे बँकेकडून परत घेणे आणि घरावरचा बोजा नोंदींतून उतरवणे, याला गहाण सोडवणे म्हणतात. शेवटचा हप्ता गेला म्हणजे सगळे संपले असे अनेकांना वाटते. घर विकायला काढल्यावर खरेदीदाराचा वकील पहिल्या करारनाम्यापासूनच्या दस्तांची साखळी मागतो, तेव्हा राहिलेली कामे समोर येतात.

मुंबईत फ्लॅटसाठी वेगळे गहाणखत सहसा होत नाही; मूळ दस्त बँकेच्या स्वाधीन केले की गहाण होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मध्ये या पद्धतीसाठी कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या शहरांची नावेच घातलेली आहेत. महाराष्ट्रात 2013 पासून अशा गहाणाची सूचना (नोटीस ऑफ इंटिमेशन) 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. याशिवाय बँक ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत बोजा चढवते.

शुल्क. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जून 2012 मध्येच तो बंद केला. स्थिर दराच्या कर्जात मात्र मंजुरीपत्र वाचल्याशिवाय धनादेश देऊ नये. फेडीच्या पत्रकात बाकी मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज असते, म्हणून तो आकडा ठरावीक तारखेपुरताच खरा. पुढचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होऊ नये यासाठी हप्त्याचा आदेशही रद्द करून घ्यावा. नोंदणीकृत गहाणखत झालेले असेल, तर ते सोडवण्याचा दस्तही नोंदवावा लागतो आणि त्याचे मुद्रांक व नोंदणी शुल्क वेगळे पडते.

कागदपत्रे. कर्ज घेताना बँकेने दिलेली जमा कागदपत्रांची यादी या दिवसासाठीच जपायची असते. बिल्डरचा पहिला करारनामा, मधल्या खरेदीदारांचे करारनामे, नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक 2 (नोंदणीचा सारांश, ‘इंडेक्स टू’), ताबापत्र, सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) असा हा गठ्ठा असतो. तो काउंटरवरच उघडून पाहावा, घरी नेऊन नव्हे. नोंदणीकृत दस्ताच्या प्रत्येक पानावर नोंदणी कार्यालयाचा शिक्का असतो: बोरिवलीचा ‘बरल’, कुर्ल्याचा ‘करल’, त्यासोबत दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पाने आणि वर्ष. त्यावरून मधले पान गहाळ आहे का, हे लगेच कळते. भागपत्र मागून पाहावे. हस्तांतरणाच्या नोंदी तिथेच असतात. सहकर्जदार येऊ शकत नसेल तर त्याचे अधिकारपत्र लागते.

यासोबत ‘नो ड्यूज’ (काही देणे बाकी नसल्याचे) पत्र घ्यावे. त्यात कर्जखाते क्रमांक, फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि बोजा उठवल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. दुय्यम निबंधकाकडची जुनी सूचना शोध अहवालात (घराच्या जुन्या नोंदी तपासून केलेल्या अहवालात) पुढेही दिसू शकते आणि तेव्हा हेच पत्र उपयोगी पडते. पत्राची एक प्रत सोसायटीला देऊन तिथल्या दप्तरातली बँकेच्या बोज्याची नोंद काढून घ्यावी. मुंबईकर नेमके हेच विसरतात.

मुदत आणि भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात आणि नोंदवहीतला बोजाही उतरवावा लागतो. 1 डिसेंबर 2023 पासून परत देय होणाऱ्या कागदपत्रांना हा नियम लागू आहे. कागद कर्ज चालवलेल्या शाखेतून घ्यायचे की ते जिथे ठेवले आहेत त्या कार्यालयातून, हे कर्जदाराने ठरवायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. दस्त हरवले वा खराब झाले, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यासाठी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात. कर्जदार हयात नसेल तर कागद वारसांना कसे द्यायचे, याची कार्यपद्धतीही प्रत्येक बँकेने आधीच ठरवून ठेवायची असते.