हुकूम देणारा कमांडर आणि हात बांधून बसलेला कमांडर

युद्धगुन्ह्यांची बातमी आली की लोक सरसकट म्हणतात, सैनिक त्याचेच ना, मग जबाबदार पण तोच. पण आंतरराष्ट्रीय कायद्यात कमांडरला धरायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत केली की कोर्टाचे निकालच समजत नाहीत.

पहिला रस्ता हुकमाचा, रोम स्टॅट्यूटचं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर चालतं त्याचं) कलम २५. गोळी दुसऱ्याने झाडली तरी सांगणारा स्वतः गुन्ह्यात असतो, आणि लेखी हुकूमच सापडला पाहिजे असं काही नाही, परिस्थितीवरूनही तो सिद्ध होतो.

दुसरा कलम २८, कमांड रिस्पॉन्सिबिलिटी. इथं त्याने काहीच सांगितलेलं नसतं, दोष आहे तो काही न करण्याचा. पण नुसतं पद पुरत नाही हो! सैनिकांवर खराखुरा ताबा होता का, गुन्हे होतायत हे त्याला माहीत होतं किंवा असायला हवं होतं का, आणि थांबवायला किंवा दोषींवर कारवाई करायला जे हातात होतं ते त्याने केलं का, हे सगळं बघतात. (नेता लष्करी नसेल तर "माहीत असायला हवं होतं" एवढ्यावर भागत नाही, समोर आलेल्या स्पष्ट माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केलेली लागते.)

याच न्यायालयातली काँगोतल्या बंडखोर गटाचा नेता ज्याँ-पिएर बेंबा याची केस बघा. २००२-०३ मध्ये त्याच्या सैनिकांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार, लुटालूट केली, तो स्वतः बहुतेक काळ शेजारच्या काँगोत. त्याने हुकूम दिला असं कोर्टाने म्हटलंच नाही, २०१६ मध्ये कलम २८ खालीच दोषी धरून १८ वर्षं दिली. २०१८ मध्ये अपिलात ३ विरुद्ध २ मतांनी सुटका, कारण त्याने चौकशी लावली होती, काहींवर लुटीचे खटले चालवले होते, आणि परदेशातल्या सैन्यावर दुरून कारवाई करण्यातल्या अडचणी खालच्या कोर्टाने नीट धरल्याच नाहीत असं बहुमत म्हणालं. मला हा निकाल पटत नाही, किरकोळ लुटीचे खटले म्हणजे बलात्कारांवरची कारवाई नव्हे, पीडितांना काय मिळालं मग?

आणि दोन्ही एकदम लावता येतं का? युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या खास ट्रिब्युनलने बोस्नियातला क्रोएट लष्करी कमांडर ब्लाश्किच याच्या अपिलात २००४ मध्ये सांगितलं की एकाच आरोपासाठी त्याच घटनांवरून दोन्हींखाली दोषी धरता येत नाही, हुकूम सिद्ध झाला तर तेवढ्याखालीच दोषी धरायचं आणि त्याचं वरिष्ठपद शिक्षा ठरवताना विचारात घ्यायचं.