अंधाऱ्या खोलीतला शेंदूर

पांढरा प्रकाश लोलकातून जाताना सात रंगांत विखुरतो, हे ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. न्यूटनला मात्र रंगांपेक्षा त्या कवडशाच्या आकाराने अधिक चकित केले. खिडकीच्या झडपेला पाव इंचाचे भोक पाडून आत घेतलेला सूर्यप्रकाश लोलकातून बावीस फुटांवरच्या भिंतीवर पडला, तेव्हा अपवर्तनाच्या त्या काळच्या नियमानुसार तिथे गोल कवडसा उमटायला हवा होता. उमटला तो सव्वातेरा इंच लांब आणि त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा रुंद पट्टा.

लोलकातून रंग दिसतात हे आधीही माहीत होते, पण काचच शुभ्र प्रकाशावर रंग चढवते असा समज होता. तो खरा असता तर दुसऱ्या लोलकाने त्या रंगांत पुन्हा काही बदल घडवला असता. न्यूटनने फळीच्या छिद्रातून पट्ट्यातला एकेक रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून पाठवला: तांबडा तांबडाच राहिला, निळा निळाच राहिला, मात्र निळा प्रत्येक वेळी अधिक वळला. म्हणजे रंग काचेने निर्माण केलेले नव्हते. ते शुभ्र प्रकाशात आधीपासूनच होते आणि काचेने त्यांना केवळ वेगवेगळ्या कोनांतून वळवले होते.

काचेतील इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाच्या कंप्रतेला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि जांभळा प्रकाश त्या कंप्रतेच्या अधिक जवळ असल्यामुळे काचेत तो तांबड्यापेक्षा किंचित मंदावतो आणि म्हणून अधिक वळतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती पट मंदावतो तो आकडा, तांबड्यासाठी सुमारे १.५१, तर जांभळ्यासाठी सुमारे १.५३ असतो. फरक इतका थोडा असल्याने लोलकाला लागूनच कागद धरला, तर कवडशाचा मधला भाग पांढराच दिसतो आणि रंग फक्त कडांना दिसतात. ते पुरते सुटे होण्यासाठी अंतर लागते, आणि न्यूटनने भिंत इतक्या दूरची निवडली यात मला त्या प्रयोगाचे खरे मर्म दिसते.

१६७२ साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात याच प्रयोगांबरोबर आणखी एक निरीक्षण आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. न्यूटनने अंधाऱ्या खोलीत शिशाच्या ऑक्साइडचे तांबडे चूर्ण, म्हणजे मारुतीला परंपरेने चोपडला जातो तो शेंदूर, एकेका सुट्या रंगात धरून पाहिला. हिरव्या प्रकाशात तो हिरवा दिसला, निळ्यात निळा. मात्र तांबड्या प्रकाशात तो सर्वाधिक उजळला. शेंदूर निळ्या-हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेतो आणि तांबडा-नारिंगी भाग परतवतो, म्हणून दिवसाउजेडी तो आपल्याला शेंदरी दिसतो. हळदीतील कुर्क्युमिन जांभळा-निळा भाग शोषते, तर पानांतील हरितद्रव्य तांबडा आणि निळा शोषून हिरवा मागे ठेवते.

पदार्थाच्या हाती एवढेच असते की आलेल्या प्रकाशातले काय ठेवायचे आणि काय परत करायचे. जे आलेच नाही ते तो परत करू शकत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सोडियमच्या दिव्याचा प्रकाश जवळजवळ संपूर्णपणे ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या रंगाचा असतो, त्यामुळे त्याच्या उजेडात गडद निळे कापड काळे दिसते.

साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधणाऱ्यांना याचा नित्य अनुभव येतो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात, आणि त्या तिन्हींना सारख्याच प्रमाणात उत्तेजित करणारे दोन प्रकाश आपल्याला एकाच रंगाचे वाटतात, मग त्यांच्यातील तरंगलांबींचे मिश्रण कितीही वेगळे असो. साडीचा रंग एका रसायनाचा आणि ब्लाउजपीसचा दुसऱ्या रसायनाचा असेल, तर दुकानातील एलईडीच्या प्रकाशात ती दोन मिश्रणे डोळ्याला एकच वाटू शकतात. पण दाराबाहेर सूर्यप्रकाशात, जिथे प्रत्येक तरंगलांबीचे प्रमाण निराळे असते, तिथे त्यांच्यातला फरक उघड होतो.