खाद्य नोंदणी कोणाकडे, निगमचा कागद कशासाठी? इंदूरच्या घरगुती स्वयंपाकघरांसाठी अर्जाची माहिती

सकाळी साडेसातला इंदूरच्या कुठल्याही पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा. वाफेवरचे पोहे, वर शेव, कांदा, जीरावण. आणि हातात काय येतं? पुष्कळदा वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा आणि त्यात खोचलेला प्लास्टिकचा चमचा. या एका खेपेत दोन चुका आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या खात्यांच्या. छापील वर्तमानपत्रात खाणं बांधून देणं खाद्य पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांत बसत नाही, तो विषय खाद्य सुरक्षा अधिकाऱ्याचा. प्लास्टिकचा चमचा १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, त्याची पावती निगमचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस फाडतो. ठेलेवाल्याच्या लेखी मात्र दोघंही ‘निगमवालेच’.

हा घोळ फक्त ठेलेवाल्याचा नाही. लोकमान्य नगर, रामबाग, राजेंद्र नगर या भागांत घरून डबे देणाऱ्या, भाजणी-मेतकूट विकणाऱ्या, होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी ताई-काकू आहेत. त्यांचे फॉर्म भरून देताना मला हमखास ऐकू येतं, ‘अरे, निगमचं लायसन्स आहे की आपल्याकडे!’ त्या काढून दाखवतात तो कागद कधी गुमास्ता असतो, तर कधी चक्क संपत्तीकराची पावती.

जुन्या माणसांचा गैरसमज तसा निराधार नाही. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता तेव्हा ‘स्थानिक आरोग्य प्राधिकारी’ ही कायद्यातलीच संज्ञा होती, आणि पालिकांच्या आरोग्य खात्याचा या कामात मोठा हात असे. ५ ऑगस्ट २०११ पासून हे बदललं. २००६ चा खाद्य सुरक्षा व मानके कायदा त्या दिवसापासून प्रत्यक्षात आला, जुना कायदा गेला, आणि अंमलबजावणी केंद्रीय प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय आणि राज्याचे खाद्य सुरक्षा आयुक्त यांच्याकडे आली. जिल्ह्यात आयुक्तांच्या हाताखाली अभिहित अधिकारी असतो, त्याच्याखाली खाद्य सुरक्षा अधिकारी. नमुना घेणं, लायसन्स देणं, निलंबित करणं हे यांचं काम.

पालिका या कायद्यातून पुरती बाहेर गेली असंही नाही. छोट्या धंद्यांची नोंदणी करणारा ‘नोंदणी प्राधिकारी’ कोण, याची २०११ च्या नियमांतली व्याख्या पाहिली तर त्यात अभिहित अधिकारी आणि खाद्य सुरक्षा अधिकारी यांच्या बरोबरीने पंचायत, महापालिका किंवा इतर स्थानिक संस्थेचा अधिकारीही आहे. अट एकच, राज्याच्या आयुक्तांनी त्याला तसं अधिसूचित केलेलं असलं पाहिजे. म्हणजे दार उघडं ठेवलंय, आत कोणाला बसवायचं ते राज्य ठरवतं. अर्जदाराला याची चिंता करायचं कारण नाही, कारण अर्ज सगळ्यांचा एकाच पोर्टलवर जातो आणि तिथून तो आपोआप ज्याच्या त्याच्या टेबलावर पडतो.

मग निगमकडे उरतं काय? पुष्कळ. जागा, पाणी, गटार, कचरा, रस्ता, मांसविक्रीच्या जागा, आणि महापालिका अधिनियमाखालचं व्यापार लायसन्स. ठेल्यासाठी पथविक्रेता प्रमाणपत्र, तेही २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे निगमकडूनच. ठेला असेल तर ते आधी काढून ठेवा, खाद्य नोंदणीच्या वेळीही तोच कागद कामी येतो. गुमास्ता मात्र यांतल्या कोणाचाच नाही. तो दुकान व आस्थापना कायद्याखाली श्रम विभागाकडून मिळतो. बँकेत चालू खातं उघडायला तो चालतो, पण डब्यातली आमटी खाण्याजोगी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता पात्रता. पहिला प्रश्न: मला नोंदणी लागेल की लायसन्स? नियमांत ‘छोटा खाद्य व्यावसायिक’ अशी व्याख्या आहे. स्वतः पदार्थ करून विकणारा, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा हे सगळे तिच्यात येतात. २०११ च्या नियमांत ही रेषा वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीवर आखली होती, शिवाय उत्पादन दिवसाला १०० किलो किंवा १०० लिटरपर्यंत, दूध संकलन दिवसाला ५०० लिटरपर्यंत. रेषेच्या आत असाल तर नोंदणी, वर गेलात तर राज्याचं लायसन्स, आणि फार मोठा कारखाना, आयात किंवा अनेक राज्यांतला धंदा असेल तर केंद्राचं. उलाढालीच्या मर्यादा आणि फी सरकार अधूनमधून बदलतं. त्यामुळे शेजारच्या दुकानदाराने सांगितलेला आकडा धरून चालू नका. पोर्टलवर पात्रता तपासायची सोय आहे, तिथे धंद्याचा प्रकार आणि उलाढाल टाका, तुम्ही कुठे बसता ते तेच सांगतं.

व्याख्येत एक शब्दसमूह असा आहे की गणेशोत्सव मंडळांनी तो दोनदा वाचावा: ‘धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणारा’. म्हणजे महाप्रसादाची पंगत, भंडारा हेही खाद्य कायद्याच्या नजरेत आहेत. केटरर मात्र या ओळीतून बाहेर ठेवलाय. मुंजी-लग्नांची कंत्राटं घेणाऱ्याने ‘मी तर घरगुती’ म्हणून किरकोळ विक्रेत्याचा रकाना निवडू नये, त्याच्यासाठी केटरर हा वेगळा प्रकार आहे. मंडळांच्या आनंदमेळ्यात दोन दिवसांचा साबुदाणावड्याचा स्टॉल लावणाऱ्यालाही ‘दोनच दिवस तर आहेत’ ही सबब नाही, कारण व्याख्येत तात्पुरता स्टॉल असं स्पष्ट लिहिलंय.

नोंदणीला कागद फार लागत नाहीत. पासपोर्ट आकाराचा फोटो, सरकारी ओळखपत्र, आणि जिथे पदार्थ तयार होतो त्या जागेचा पुरावा. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार, सासऱ्यांच्या नावावर असेल तर वीज बिल आणि त्यांचं संमतीपत्र. अर्ज अडकतो तो नेमका इथेच. आधारवर पत्ता मल्हारगंजचा, स्वयंपाकघर सुदामा नगरला आणि वीज बिल तिसऱ्याच कोणाच्या नावावर, असा त्रिकोण मी अनेकदा पाहिलाय. ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असला तरी चालतो, पण धंद्याचा पत्ता म्हणून फॉर्ममध्ये जे लिहाल, तेच जागेच्या कागदावर दिसलं पाहिजे. घर क्रमांक, कॉलनी, पिनकोड, अक्षर न् अक्षर.

लायसन्सची यादी लांब आहे. उत्पादन करणाऱ्याला जागेचा आराखडा, यंत्रांची यादी आणि क्षमता, भागीदार किंवा संचालकांची नावं व ओळखपत्रं, पाण्याचा तपासणी अहवाल, खाद्य सुरक्षा व्यवस्थापनाची योजना, जबाबदार व्यक्तीचं नेमणूकपत्र असं बरंच काही मागतात. पाण्याच्या अहवालावर नर्मदेचं पाणी येतं एवढं सांगून भागत नाही. टाकीतून, बोअरिंगमधून, जिथून पीठ मळायला पाणी घेता तिथला नमुना द्यावा लागतो.

अर्ज करायचा ‘फॉसकॉस’ नावाच्या पोर्टलवर. २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने जुन्या व्यवस्थेच्या जागी हेच आलं. नोंदणीला फॉर्म ए, लायसन्सला फॉर्म बी. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर, मग धंद्याचा प्रकार, मग कागद अपलोड, शेवटी ऑनलाइन फी. २०११ च्या नियमांत नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. मी मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या ओळखीच्या एका काकूंकडून एका दुकानाने याच कामाचे पंधराशे घेतले, आणि वर फॉर्ममध्ये मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. पुढच्या वेळी ओटीपी त्या दुकानदाराच्या फोनवर. खातं काकूंचं, किल्ली त्याच्याकडे! एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवर जरूर जा, दहा-पंधरा मिनिटांच्या मेहनतीचे पैसेही द्या, पण मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्यायचा. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाइटीही पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते बघा.

अर्ज गेल्यावर सात दिवसांत प्राधिकाऱ्याने तीनपैकी एक करायचं असतं: नोंदणी देणं, कारण लिहून नाकारणं, किंवा तपासणीची नोटीस काढणं. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निकाल. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोट्या व्यावसायिकाला धंदा सुरू करता येतो, फक्त नंतर सांगितलेल्या सुधारणा कराव्या लागतात. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. मात्र पोर्टलवर ‘क्वेरी’ येऊन पडली असेल आणि तुम्ही ती पाहिलीच नसेल, तर चूक तुमची. अर्ज क्रमांक टाकून दोन-तीन दिवसांनी एकदा बघत जा.

नोंदणी मिळाली की चौदा आकडी क्रमांक येतो. तो दर्शनी भागात लावायचा, बिलावर छापायचा (१ जानेवारी २०२२ पासून हे सक्तीचं आहे), पाकिटावर तर हवाच. सुटी मिठाई विकत असाल तर ती किती तारखेपर्यंत खावी, हे ट्रेपाशी लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक. खव्याच्या मोदकांना हे जास्तच लागू, गणपतीच्या दिवसांतली हवा आठवा.

तपासणीला कोण आलंय हे ओळखता आलं पाहिजे. निगमचं पथक आलं तर ते कचऱ्याच्या डब्यांकडे पाहील. ओला, सुका, प्लास्टिक वेगळं आहे का, हॉटेलचा ओला कचरा नीट जातो का. इंदुरात याला हलकं घेऊ नये, देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे, आणि तिथे काचा-पिशव्या गेलेल्या चालत नाहीत. खाद्य सुरक्षा अधिकारी आला तर तो कढईकडे वळेल. तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. मग तो पिण्याचं पाणी, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, मालाची खरेदी बिलं विचारेल.

नमुना घेण्याची पद्धत तर प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ हवी. समजा, अधिकाऱ्याने शेवेचा नमुना घेतला. तो तुम्हाला लेखी नोटीस देतो आणि शेवेची चालू भावाने किंमतही देतो. नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद होतात, त्यावर तुमची सही किंवा अंगठा. एक भाग खाद्य विश्लेषकाकडे, दोन अभिहित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, मात्र तिथला खर्च तुमचा. बहुतेक जण घाबरून हे मागतच नाहीत, आणि अहवाल उलट आल्यावर कपाळाला हात लावतात. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अभिहित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. गल्लीत उभी राहणारी चलित, म्हणजे गाडीवरची, प्रयोगशाळा वेगळी. तिथली तपासणी प्राथमिक असते, दुधाची शंका आली तर घरची बाईसुद्धा तांब्याभर दूध घेऊन जाऊ शकते.

स्वच्छतेत किंवा मांडणीत खोट निघाली तर लगेच कुलूप लागत नाही. आधी सुधारणा नोटीस, तिच्यात किमान चौदा दिवसांची मुदत, न ऐकल्यास निलंबन, मग रद्द. अन्नातून जिवाला धोका असेल तर मात्र तातडीने बंदी येते. निकृष्ट माल, चुकीचं लेबल अशी दंडाची प्रकरणं आपल्याकडे अपर कलेक्टरांपुढे चालतात, निगमच्या झोनवर जाऊन ‘भाऊ, बघा ना जरा’ म्हणण्यात अर्थ नाही. निकृष्ट मालाला पाच लाखांपर्यंत, चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ग्राहक म्हणून तक्रार करायची झाली तरी हीच वाटणी. दुकानासमोर खरकटं, तुंबलेली नाली असेल तर निगमच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर फोटोसकट टाका. पदार्थात अळी, खवट तेल, तारीख उलटलेलं पाकीट असेल तर एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ वर, दुकानाचा चौदा आकडी क्रमांक आणि बिल जोडून. कुठे करावी सुचत नसेल तर सीएम हेल्पलाइन १८१, तिथून ती योग्य खात्याकडे जाते. पदार्थ स्वतः तपासून घ्यायचा हक्कही कायद्याने दिलाय, फक्त मी हे विश्लेषणाला देणार आहे असं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं.

सराफ्यातली चाट गल्ली आणि छप्पन दुकान या दोन्हींना एफएसएसएआयचा स्वच्छ स्ट्रीट फूड हबचा दर्जा मिळाला, तो या दोन्ही बाजू जुळल्या म्हणून: फरशी, नळ, डबे निगमने नीट केले, आणि टोप्या, हातमोजे, तेल, पाणी यांची तपासणी खाद्य सुरक्षेच्या बाजूने झाली. सुदामा नगरातल्या काकूंच्या ओट्यालाही हेच दोन हिशोब लागतात. त्यांनी आता क्रमांकाची चौकट फ्रिजवर चिकटवलीय. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ती पाहिली, आणि दारापाशी लावायला सांगून गेला.