तांबे डीएनए कसे तोडते?

१९७९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड सिगमन आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय जिवाणूतल्या एका एन्झाइमचा अभ्यास करत होते. हे एन्झाइम डीएनएची प्रत काढते. फिनॅन्थ्रोलिन नावाचा सेंद्रिय रेणू मिसळला की त्याचे काम थांबायचे. फिनॅन्थ्रोलिन धातूंना घट्ट धरतो, म्हणून एन्झाइममधले जस्त तो ओढून घेत असावा, असा तर्क होता. निघाले भलतेच. फिनॅन्थ्रोलिनने द्रावणातले तांबे धरले होते आणि दोघे मिळून ऑक्सिजनच्या मदतीने थेट डीएनएच तोडत होते. डीएनए तोडणारे पहिले मानवनिर्मित संयुग म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

कर्करोगावर काम करणाऱ्यांना यात रस वाटला नसता तरच नवल. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनाआधी त्यांना डीएनएची प्रत काढावीच लागते. डीएनए बिघडवला, तर पेशी तिथेच अडकते. प्लॅटिनमचे सिस्प्लॅटिन हे औषध नेमके हेच करते. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये त्याचा जैविक परिणाम प्रथम दिसला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत ते रुग्णांसाठी मंजूर झाले. वृषणाच्या कर्करोगात तर त्याने चित्रच पालटले. पण मूत्रपिंडांना इजा, ऐकू कमी येणे, अनावर उलट्या ही त्याची किंमत रुग्ण मोजतात. शिवाय काही गाठी कालांतराने त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून इतर धातूंचा शोध सुरू झाला. तांबे त्यातला एक, आणि माझ्या मते सगळ्यांत विलक्षण.

कारण तांब्याची रीतच वेगळी. सिस्प्लॅटिनमधले प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटते आणि बहुधा तिथेच राहते. तांब्याचा आयन मात्र दोन रूपांत ये-जा करतो: दोन धनप्रभार असलेले रूप आणि एक धनप्रभार असलेले रूप. पेशीत ग्लुटाथायोनसारखे रेणू भरपूर असतात. ते तांब्याला इलेक्ट्रॉन देतात, तांबे तो ऑक्सिजनला देते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे अत्यंत क्रियाशील फ्री रॅडिकल तयार होतात. तांबे पुन्हा मूळ रूपात येते आणि पुढची फेरी सुरू होते. एकच आयन असे घाव पुन्हा पुन्हा घालू शकतो.

घाव नेमका डीएनएवर पडावा, यासाठी तांब्याला तिथवर नेणारा रेणू लागतो. तांब्याला धरून ठेवणाऱ्या अशा रेणूंना लिगंड म्हणतात. फिनॅन्थ्रोलिनसारखे लिगंड सपाट असतात. पत्त्यांच्या कॅटमध्ये जादा पत्ता सरकवावा, तसे काही सपाट लिगंड पिळलेल्या शिडीसारख्या डीएनएच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत शिरतात. काही संयुगे आत न शिरता डीएनएच्या पिळातल्या अरुंद खोबणीत बसतात. सिगमन यांचे संयुग खोबणीत बसून डीएनएच्या कण्यातल्या शर्करेवर हल्ला चढवते आणि धागा तुटतो.

हे तुटणे डोळ्यांनी पाहता येते. प्रयोगशाळेत त्यासाठी प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतले वर्तुळाकार डीएनए, घेतात. ते स्वतःभोवती घट्ट पिळलेले असते. संयुगाबरोबर काही वेळ ठेवून ते अगारोज जेलच्या खाचांत भरायचे आणि वीजप्रवाह सुरू करायचा. डीएनएवर ऋणप्रभार असल्याने ते धन टोकाकडे सरकू लागते. अखंड प्लाझ्मिड आटोपशीर, म्हणून सर्वांत पुढे पळते. एक धागा तुटला तर पीळ सुटतो, वर्तुळ सैल होते आणि मागे रेंगाळते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले तर सरळ दोरा होतो आणि तो या दोहोंच्या मध्ये थांबतो. इथिडियम ब्रोमाइडने रंगवून अतिनील प्रकाशात धरले की नारिंगी पट्टे चमकतात. संयुगाची मात्रा वाढवत नेली की पुढचा पट्टा फिका होत जातो आणि मागचा ठळक.

मात्र जेलवरचा पट्टा आणि औषध यांत फार मोठे अंतर आहे. परीक्षानळीतल्या डीएनएभोवती पेशी नसते, रक्त नसते. रक्तातले अल्ब्युमिन तांब्याला धरते, त्यामुळे संयुग वाटेतच मोडू शकते. पेशीच्या आतही तांब्यावर कडक पहारा असतो. यीस्टवरच्या १९९९ मधल्या संशोधनात दिसले, की एका पेशीत मोकळ्या तांब्याचा सरासरी एक आयनही नसतो. वाहक प्रथिने त्याची हातोहात ने-आण करतात. आणखी एक मेख आहे. फिनॅन्थ्रोलिन एकटाही पेशींना विषारी आहे. पेशी तांब्याने मेल्या की लिगंडने, हे तपासण्यासाठी नुसत्या लिगंडचा वेगळा प्रयोग हवाच. तो नसेल तर त्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही.

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेल्यांत मेक्सिकोची कॅसिओपेइना ही संयुगे आहेत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात लेना रुइझ-अझुआरा यांनी ती घडवली आणि त्यांतले एक मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचले. ती डीएनएवर काम करतात, तशी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियावरही. उंदरांच्या हृदयावरील प्रयोगांत काही कॅसिओपेइनांनी हृदयाचा ऊर्जापुरवठाच रोखला. खरा पेच हाच: गाठीला मारायचे आणि हृदयाला जपायचे.

आपल्याकडेही हे काम जुने आहे. पुणे विद्यापीठात डॉ. सुभाष पाध्ये यांनी थायोसेमिकार्बाझोन वर्गातले लिगंड आणि त्यांची धातूंबरोबरची संयुगे यांवर दीर्घकाळ संशोधन केले. या विषयावरचा त्यांचा १९८५ मधला आढावा जगभरचे अभ्यासक वाचतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्याचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही. पाण्यात उतरणाऱ्या तांब्याला डीएनएपर्यंत नेणारा लिगंड नसतो. शरीरातली प्रथिने ते ताब्यात घेतात आणि जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तांबे फार झाले तर इजा यकृतालाच होते. घरगुती उपायापायी कुणी केमोथेरपी लांबवली, तर ते नुकसान भरून येत नाही.

निरोगी पेशी वाचवण्याचा एक मार्ग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने धुंडाळला. लायसिन हे अमिनो आम्ल आणि फिनॅन्थ्रोलिनच्या कुळातले लिगंड जोडून त्यांनी तांब्याची अशी संयुगे बनवली, की लाल प्रकाश पडल्यावर ती डीएनए तोडतात. निळ्या प्रकाशापेक्षा लाल प्रकाश ऊतींत खोल जातो, तरी त्याची मजल काही मिलिमीटरच. पोटातल्या गाठीपर्यंत तो बाहेरून पोहोचणार नाही. पण त्वचेवर आणि तोंडात दिवा थेट धरता येतो. तंबाखूपायी तोंडाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण असलेल्या आपल्या देशात या एका शक्यतेसाठीही हे काम नेटाने पुढे जायला हवे.